सिस्टरनं हळद धुवायला लावली

जमलेल्या समद्यांना माझा नमस्कार. समोर आपल्या इंदू सिस्टरचा फोटो, अन् मला बोलायला उभं केलंय. अवघड आहे. त्या असत्या तर म्हणाल्या असत्या, "सरूबाई, रडू नका, मुद्द्याचं बोला."

मुद्द्याचंच बोलते. माझी कोमल तवा तीन वर्षांची. चार दिवस ताप, अंगावर लाल पुरळ. आमी काय केलं? आपल्याकडं करतात तेच. देवी आल्या म्हणालो. दारात कडुलिंबाचा डहाळा, पोरीला अंगभर हळद. आंघोळ बंद, दवाखाना बंद.

पाचव्या दिवशी सिस्टर दारात. म्हणाल्या, "हळद धुवा." माझी सासू आडवी आली, "देवी कोपंल." सिस्टर शांत. "कोपली तर माझं नाव सांगा, मावशी. पाणी आणा." खरं सांगते, मला लई राग आला त्यांचा.

हळद धुतली, मग दिसलं. हातापायाचे पंजे लाल, सुजलेले. डोळे लाल, पण चिपडं न्हाईत. ओठ फुटलेले, जीभ लालभडक. तोंड उघडून आमी पाहिलंच नव्हतं. सिस्टर म्हणाल्या, "हा गोवर वाटत न्हाई. रक्ताच्या नळ्यांना सूज असू शकते. आत्ताच नांदेडला चला."

"काहून? ताप उतरंल की," मी म्हणाले.

"ताप उतरंल बी. पण तवर हृदयाच्या नळ्या फुगल्या तर?"

जीपमध्ये त्या माझ्या बाजूला बसून आल्या. लेकरांच्या डॉक्टरनं हृदयाची सोनोग्राफी केली, शिरेतून औषध सुरू केलं. म्हणाले, वेळेत आणलं. त्यानंतर माझी सासूच गावभर सांगत फिरायची, "लेकरू तापलं का? आधी हळद धुवा, जीभ पाहा, अन् सिस्टरला बोलवा." सिस्टर लई हसायच्या.

रिटायर झाल्या तरी कोमलच्या वाढदिवसाला दरसाल यायच्या. मनगट धरायच्या अन् नाडी मोजायच्या. अर्धं मिनिट मोजून दुप्पट करणं त्यांना पटायचं न्हाई. पूर्ण मिनिट मोजायच्या. मग म्हणायच्या, "बराबर आहे. आता केक कापा."

पिकल्या वयात, झोपेतच गेल्या. मला वाईट वाटतं, पण त्याहून जास्त समाधान वाटतं. माझी कोमल यंदा दहावीला आहे. ती बघा, तिथं बसलीय.

कोमल, इकडं ये. हात दे.

समदे एक मिनिट उभे राहा. कोणी बोलू नका. आज नाडी मी मोजते.