हिंमत असेल तर

नाही, मूर्खपणा माझाच — तू म्हणायच्या आधी मीच म्हणते. सत्तेचाळीस वर्षांची बाई, खोक्याचा पुठ्ठा कापते, जाड काळ्या पेननं त्यावर गाण्याचं नाव लिहिते, आणि एवढ्या हजारो माणसांत तो डोक्यावर धरून नाचते. आणि त्यानं नेमका तोच उचलावा? तू बघितलंस ना? — तू कसा बघशील म्हणा, सिक्युरिटीवाला तू, तुझी पाठ स्टेजकडं. डेस क्रेल तुझ्या मागं दोन हातांच्या अंतरावर गातोय आणि तू संध्याकाळभर आमची तोंडं बघत उभा. दया येते रे तुझी. पण सांगते तुला, तो वाकला, एवढ्या पुठ्ठ्यांतून माझा घेतला, वाचला — आणि हसला नाही. हसला असता तर मी निवांत असते. काखेत मारून आत गेला जाकीट बदलायला. आता ती माणसं पियानो ढकलत आणतायत, आणि पियानो कशाला लागतो? तर त्याच गाण्याला.

हळू बोलते. मागं पॉलीन आहे, लाल मफलरवाली. रांगेत आमच्या हातांवर पेननं नंबर घालते ना, ती — गाव कुठलंही असो, डेसचा कार्यक्रम म्हटलं की नंबर पॉलीनच घालणार. तिनं पुठ्ठा वाचल्यापासून माझ्याशी बोलणं टाकलंय. एवढंच म्हणाली, "लोरेन, आपल्यात हे मागत नाहीत." खरं आहे तिचं. कुठं लिहून ठेवलेलं नाही, पण या कठड्याला चिकटणाऱ्या आम्हा सगळ्यांना ठाऊक आहे — डेसच्या घशाचं ऑपरेशन झाल्यापासून 'उधाण' मागायचं नाही. त्यात शेवटी एक ओळ आहे, वर जाते, अजून वर जाते, आणि तिथंच राहते, खाली यायचं नावच घेत नाही. पोरगा होता तेव्हा गायला तो ती. आता पंच्याहत्तरी ओलांडलीय. आणि तिथं आवाज फाटला तर? हे फोन बघ सगळे वर धरलेले — उद्या न्याहारीच्या वेळी अख्खा देश बघेल, म्हातारा कसा फाटला ते.

मग मी का लिहिलं — हेच विचारतोयस ना त्या भुवईनं? गंमत म्हणून. — नाही रे, गंमत कसली. मी संडरलँडला बिंगोच्या हॉलमध्ये आकडे पुकारते. पुकारून पुकारून गळ्यात गाठी झाल्या, त्याला झाल्या तशाच, ऑपरेशनही तेच. आवाज आला परत, आकड्यांपुरता. पण त्याआधी, राजा, आमच्याकडं लग्न असो, वाढदिवस असो, कुणाला पुरून सगळे पबात येऊन बसलेले असोत — ती ओळ माझी. लोक हातातले ग्लास खाली ठेवायचे. आता बहीण म्हणते, "लोरेन, गा की," आणि मी म्हणते, थांब, सँडविचं संपत आलीत का बघते. तेव्हापासून सँडविचंच बघतेय. आणि हा मात्र गावोगाव फिरतोय, नवी जाकिटं घालतोय, केस अजून तसेच काळे — केसांचं जाऊ दे. मला वाटलं, एकदा त्यालाही नाही जमलं… म्हणजे मग वय असतं, गळा असतो, कुणाचाच दोष नसतो, मी एकटीच नसते. म्हणून गाण्याखाली लिहिलं, 'हिंमत असेल तर'. हे पॉलीनला सांगू नकोस. खरं तर तुलाही सांगणार नव्हते.

दिवे गेले. आला तो. माझा पुठ्ठा पियानोवर उभा केलाय, अगदी नाकासमोर. — धरलं. 'उधाण'च. पट्टी उतरवलीय, ऐकतोयस? शहाणा आहे. पहिलं कडवं गेलं बाई. दुसऱ्यात जरा घसरला — सावरलं, सावरलं. किती गप्प झालेत सगळे, माझा आवाज ऐकू जात असेल का त्याला? मला नाही बघवत, मी तुझ्याकडंच बघते. आता येईल ती ओळ. नको रे बाबा, चुकलं माझं, खालीच घे, नुसती बोलून टाक, आम्ही वाजवू टाळ्या, आम्ही कशालाही वाजवतो —

थांबला. का थांबला? — "ही मला आता जमत नाही," म्हणाला. सरळ, माइकमध्ये, चहात साखर नको म्हणावं तसं. आणि पुठ्ठा कशाला उचलला? — "ही हिंमतवाली कोण आहे? पुढची ओळ तिनं म्हणायची." पॉलीन माझ्याकडं बोट करतेय. दोन्ही हातांनी करतेय. दिवा फिरला बघ इकडं. ऐक, तुझ्या कानातल्या यंत्रात कुणी काय सांगत असेल ते सांगू दे, तू त्यांना सांग की मी बेशुद्ध पडलेय. पडतात ना लोक, तुम्ही त्यांना या कठड्यावरून उचलून बाहेर नेता ना, तसं ने मला, सरळ बाहेर ने, स्टेजकडं नको, हे बघ मिटले डोळे, मला काही कळत नाहीये, मला काही ऐकूच —

"बेशुद्ध बाई इतकं बोलत नाही, मावशी. कठड्यावरून पाय उचला."