दोन्ही डिस्कना हळद-कुंकू

हॅलो? … मोनाली? बरं झालं बाई, तूच फोन केलास. … नाही, नाही, वहिनी बोलतेय. हा तुझ्या दादाचा फोन. तो एरंडोलला गेलाय, फोन घरी विसरून. … हो, नेहमीसारखाच.

अगं ऐक ना. तू धुळ्याहून एसटीने पाठवलास ना, तो दोन खाचांचा डबा… हो, डिस्कची नक्कल करणारा. लावला. बटणही दाबलं. चार दिवे आहेत, पहिला लुकलुकतोय. … वीस मिनिटं झाली असतील. म्हणून तर सहा मिस्ड कॉल. … लेक्चर असतं, ठाऊक आहे. कॉलेजातल्या पोरांना लिनक्स शिकवायचं आणि भावजयीला दिलं वाऱ्यावर सोडून.

नाही, मोडलं काही नाही. … अजून तरी. … हो, सगळं तू सांगितलंस तसंच. पत्रिकेच्या मागे लिहून घेतलंय, वाचू का? बंद पडलेल्या कॉम्प्युटरमधली जुनी डिस्क पहिल्या खाचेत, नवी दुसऱ्या खाचेत. उलटं झालं तर कोरी डिस्क जुनीवर उतरेल आणि सगळं पुसलं जाईल. 'सगळं'च्या खाली दोन रेघा मारल्यात.

तेच तर सांगतेय. कुंकवाची डिस्क पहिल्या खाचेत घातली. … कुंकू, कुंकू. तूच म्हणालीस ना, जुनीवर खूण कर? त्या काळ्या पत्र्यावर पेन उठेना. शेजारीच देव्हारा, म्हणून कुंकवाचं बोट लावलं. … हसून घे, पुढचं ऐकून हसू थांबेल. आत्ता वाकून पाहिलं, तर दुसऱ्या खाचेतलीलाही कुंकू.

… हो. दोन्हींना.

… मी कशाला लावू? तुझ्या मातोश्रींनी. … विचारलं ना. म्हणतात, नवी वस्तू घरात आली अन् तिले कुंकू नाही, असं कसं? अन् जुनीले नुस्तं कुंकू, हयद नाही, ते बी बरं दिसत नाही. मी डब्यात घालायच्या आधीच दोघींना व्यवस्थित हळद-कुंकू लावून, टेबलावर होत्या तिथेच ठेवून दिल्या. … तिथेच म्हणजे त्यांच्या हिशेबाने तिथेच.

काय? बंद करू? मध्येच? … बरं, बरं, ओरडू नको. मागचं बटण… कुठलं मागचं… हां. विझले दिवे.

… काढल्या दोन्ही. डाव्या हातात पहिल्या खाचेतली, उजव्या हातात दुसऱ्या खाचेतली. … हात बदलणार नाही गं. फोन खांद्यावर आहे, मान गेली तरी चालेल. … फरक काहीच नाही. तीच कंपनी, तोच शिक्का. जुनी मीच काल फडक्याने लख्ख पुसली. … नंबर आहे बारीक, पण तो बिलाशी जुळवायचा ना? बिल तुझ्या दादाच्या खिशात एरंडोलला, आणि त्याचा फोन माझ्या कानाला. … खोका? खोका आईंनी सकाळीच घंटागाडीत दिला.

स्थळांचे फॉर्म पुन्हा मागवता येतील म्हणतेस? येतील. साडेतीनशे घरं आहेत. जन्मतारीख, उंची, शिक्षण, देतील सगळे परत. शेरे कोण देईल? … शेऱ्यांचा रकाना गं. अठरा वर्षं वधू-वर मंडळ चालवतेय मी, ते त्या रकान्यावर चालवतेय. 'क्रमांक बहात्तर: मुलगा शांत. आई शांत नाही.' 'क्रमांक दोनशे सात: वडील म्हणतात विचार करून सांगतो. विचार काकू करतात.' हे मला फॉर्मात कोण भरून देणार आहे? … दोन-चार पाठ आहेत, सगळे कसे असतील? … पेनड्राइव्हवर घेतलं होतं ना. दिवाळीत. … कुठल्या दिवाळीत ते विचारू नको.

तुझ्याबद्दल? तुझ्याबद्दल काही नाही त्यात. … नाही म्हटलं ना. ही वेळ आहे का? रविवारी मेळावा आहे. पुस्तिकेचा छपाईवाला चारपर्यंत थांबतो म्हणालाय, आणि आत्ता दोन वाजून दहा झालेत.

… थांब. बोलू नको जरा. … नाही, ऐक. मी जुनीला आधी नुसतं कुंकू लावलं होतं. आईंनी नंतर हळद लावली, तिच्यावर पुन्हा कुंकू. म्हणजे जुनीवर हळदीच्या खालीही कुंकू असणार. नवीवर हळदीखाली काळा पत्रा. … बघतेय, बघतेय. नखाने खरवडतेय. … डाव्या हातातली. वरचं कुंकू… हळद… खाली… लाल. लाल आहे, मोनाली. … उजवी बघू दे. … पिवळं… काळं.

अगं, बसले खाली. … खुर्चीवरच बसले, नीट बसले.

… एवढ्यावर भरवसा नाही? सरळ नव्या कॉम्प्युटरला जोडून बघायची? मग काल हेच का नाही करायला लावलंस? … हं. जुनी डिस्क कधी दगा देईल सांगता येत नाही, म्हणून आधी नक्कल. बरं. … चपटी वायर, मग रुंद वायर. लागल्या. … हो, त्याच्यावर दुकानदाराला काही टाकू दिलं नाही. म्हणत होता, ताई, सगळं नवं टाकून देतो. मी म्हटलं, आमचं लिनक्स आहे, जुन्यात होतं तसंच्या तसं इकडे येणार आहे, हात लावू नका. तर असा बघायला लागला, जशी काही मी मुलगा न बघताच होकार दिला.

सुरू केला. एफ बारा, एफ बारा… आली यादी. दोन नावं. … वरचं? दाबलं. काळं झालं. … काळंच आहे. … ओळी धावायला लागल्या. चांगलं का हे? … थांबल्या. एकच ओळ राहिली, तिच्यापुढे सेकंद मोजतंय. बारा, तेरा. समोर दीड मिनिट लिहिलंय. … काय शोधतंय? जुन्या कॉम्प्युटरमधली दुसरी डिस्क? ती तर त्याच्या पेटीतच राहिली. … नाही सापडली की पुढे जाईल? नक्की? … 'बहुतेक' हा शब्द आत्ता नको मला.

एकतीस. … बोल काहीतरी. जेवलीस का? … वडा? दोन वाजता जेवण म्हणून वडा? … पन्नास. … आई नारळ घेऊन दारात उभ्या आहेत. हातानेच थांबवलंय त्यांना. … एक मिनिट वीस. … तीस…

गेलं. पुढे गेलं. … पडदा निळा… पद्मालय. मोनाली, आपला पद्मालयाच्या देवळातला फोटो आला. तोच, कोपऱ्यात तुझी वेणी दिसते तो.

हो, मंडळाचं उघडतेय. … शेवटी पाहिलेली नोंद आपोआप येते ना, तूच तसं करून ठेवलंयस… आली. शेरा आहे.

… काही नाही. आहे सगळं. ठेवू का? … वाचून कशाला दाखवायचं, आहे म्हटलं ना. बहात्तर नंबर उघडून वाचते हवं तर. … हीच का? … हट्ट करू नको, मोनाली. …

बरं. आई नारळ धुवायला आत गेल्यात, तोवर वाचते. क्रमांक एकशे चौदा. मोनाली जीवराम पाटील. उंची पाच फूट दोन. … आईंनी दिला होता फॉर्म. सहा वर्षं झाली. … वाचतेय ना. शेरा: 'पुस्तिकेत देऊ नये. आईंनी विचारल्यास छापलं म्हणून सांगणे.'

… हो. दरवर्षी. दरवर्षी विचारतात, मी हो म्हणते. मंगळवारी विचारलं म्हणून उघडली होती, तेवढ्यात जुना कॉम्प्युटर बंद पडला. … पुस्तिका त्या उघडत नाहीत. आपल्याच मुलीचं नाव आपण शोधत बसणं त्यांना बरं वाटत नाही. … तूच म्हणाली होतीस ना, पद्मालयाच्या पायरीवर? वहिनी, मला हे नकोय. एकदाच म्हणालीस, पुन्हा विषय काढला नाहीस. मी घरी आल्यावर लिहून ठेवलं. … वडा संपव आधी. थंड होईल.

… हो आई, झालं सुरू. … मोनालीच आहे फोनवर.

… ऐकलंस का? हळूच बोलतेय. यंदाही नाव छापायला दिलं ना, विचारतायत. … समोर उभ्या आहेत, नारळ हातात. काय सांगू? शेऱ्यात आहे तेच सांगते. … नको? … नक्की? … विचार कर. छपाईवाला चारपर्यंत आहे, आई कायमच्या आहेत. … बरं. बरं म्हटलं.

आई, ती स्वतः बोलते म्हणते तुमच्याशी. घ्या. … आधी हात पुसा. कुंकवाचे आहेत.