झरोक्यातलं पोतं

हरिसिंग : ताई, न्हानीच्या झरोक्यात हे पोतं कोनं कोंबलं?

मोनाली : सासूबाईनं. तुमी बसा भाऊ, हे आंघोळ करून राह्यले. निघाले की गीझर पाहा. आग निळी होती, आता पिवळी दिसते.

हरिसिंग : दिवाळीत म्या लावला तवा झरोका उघडा होता. उघडाच ठेवा म्हनून सांगतलंही होतं.

मोनाली : सांगतलं होतं. पण कुठं बोलू नका, त्या न्हानीत कोनीतरी हाये.

हरिसिंग : म्हंजे?

मोनाली : हे तलाठी. यंदा कापसाले भावच नाई, आठवड्यात शेतकऱ्याईचे दोन-दोन पंचनामे. कोनी विहिरीत, कोनी औषध पेऊन. तिथून आले की हे पहिले आंघोळीले जातेत. एक दिवस भिंत धरतच बाहेर आले. म्हनले, आत माह्या मागं कोनी उभं होतं. आमी बौद्ध, असलं काई मानत नाई. मी हासली. मंग चार दिवसानं माह्याच बाबतीत झालं.

हरिसिंग : काय झालं?

मोनाली : केस धूत होती. डोकं जड पडलं, छातीत धडधड, अन् कानापाशी कोनी हळूच सुस्कारा टाकला. वळून पाह्यलं तं नुसती वाफ. सासूबाई म्हने, ज्याईचे पंचनामे केले ते याच्यासंगं घरी येतेत, झरोक्यातून शिरतेत. म्हनून तिनं पोतं कोंबलं, दाराखालच्या फटीतही चिंध्या घातल्या.

हरिसिंग : मंग थांबलं?

मोनाली : वाढलं. आता ते आतले बोलतेतही, असं हे म्हनतेत.

हरिसिंग : बाकी घरात कधी दिसलं?

मोनाली : नाई. न्हानीतच. अंगनात येऊन बसलं की जरा वेळानं बरं वाटते.

हरिसिंग : अन् सासूबाईले?

मोनाली : तिले काईच नाई. ती थंड्या पान्यानंच आंघोळ करते.

हरिसिंग : ताई, साहेब आत जाऊन किती वेळ झाला?

मोनाली : तुमी यायच्या आधीच गेले. पानी चालू हाये ना, आवाज येऊन राह्यला.

हरिसिंग : तो पान्याचा. त्याईले हाक मारा.

मोनाली : अहो. अहो, ऐकलं का?

हरिसिंग : पुन्हा मारा.

मोनाली : अहो, हरिसिंगभाऊ आले. बोला ना काई.

हरिसिंग : सरका. सिलिंडर इथं बाहेर हाये, तो बंद करतो. तुमी पोतं ओढा. कडी मी लाथेनं तोडतो. दार उघडलं तरी आत थांबायचं नाई, त्याईले ओढून सीधं बाहेर.

(कडी तुटते. दोघं मिळून मोनालीच्या नवऱ्याला, अश्वजितला, अंगणात आणतात. थोड्या वेळानं तो डोळे उघडतो.)

अश्वजित : गेला का तो?

हरिसिंग : कोनी नोहता साहेब. कोंडलेल्या जागी गॅस जळला की आतली हवा खाऊन टाकते अन् जहर सोडते. त्याले ना वास, ना रंग. आधी डोकं धरते, मंग नको ते दाखवते, मंग मानूस बसल्या जागी झोपते. असा गीझर बाहेरच्या भिंतीले लावाचा असते. तुमी आत लाव म्हनले अन् म्या लावून देल्ला. माही चूक हाये.

मोनाली : ऑटो बलावते. पहिले दवाखान्यात चला.

अश्वजित : म्हंजे तो आलाच नोहता?

मोनाली : कोन तो?

अश्वजित : मागच्या महिन्यातला तो शेतकरी. कापूस घरात छतापर्यंत पडून होता, अन् हा औषध प्याला. म्या पंचनाम्यात घरगुती भांडन लिवलं. तसं लिवलं की काम लवकर मिटते, पण घरच्याईले सरकारी मदत भेटत नाई. तो मागं येऊन उभा राहे, म्हनून मी रोज नळ सोडून बसो. म्हनलं, एकडाव माही माफी तं आयकून घेईल.

हरिसिंग : साहेब, आता बोलू नका. लंबा श्वास घ्या.

मोनाली : त्याची बायको हाये ना? बरं वाटलं की तिच्याकडं जाऊ. मी येते संगं.

अश्वजित : हाये. मी ते लिवत होतो, तवा तिनंच मले पानी आनून देल्लं.