नानांचा फळा

अरे, आमच्या डोंबिवलीच्या नानांचा फळा तुम्हाला सांगितलाच नाही! नव्वदच्या आसपासची गोष्ट. नाना म्हणजे आमच्या वाचनालयाचे ग्रंथपाल. आपल्या खासदाराने दिल्लीत कोणतं विधेयक मांडलं, कशाला पाठिंबा दिला, ते दर शनिवारी बाहेरच्या फळ्यावर खडूने लिहायचे.

एकदा खुद्द खासदारच वाचनालयाच्या नव्या खोलीच्या उद्घाटनाला आले आणि फळ्यापाशी थांबले. आम्ही सगळे मागेच उभे! साहेब मोठ्याने वाचायला लागले, "पिण्याच्या पाण्याचं विधेयक. मांडणारे, आपले खासदार." टाळ्या! "बाजूने भाषण करणारे, आपले खासदार." अजून टाळ्या! मग साहेब एकदम आत जायला वळले.

नाना म्हणाले, "वाचा ना, तिसरी ओळ राहिली. चष्मा देऊ?"

तिसरी ओळ होती, "मागे घेणारे, आपले खासदार."

साहेब हसले. "अहो, मंत्र्यांनी आश्वासन दिलं, की आपण विधेयक मागे घ्यायचं, अशी पद्धतच आहे."

"मग आश्वासन काय दिलं, ते चौथ्या ओळीत तुम्हीच लिहा," म्हणत नानांनी खडू त्यांच्या हातात दिला.

साहेब खडू घेऊन तसेच आत गेले, फीत कापली, भाषण ठोकलं आणि खडूसकट गाडीत बसले.

पुढच्या शनिवारी फळ्यावर चौथी ओळ आली, "खडू नेणारे, आपले खासदार."