खिशातला फ्यूज

वाशीमच्या स्टँडवर अनसिंगची गाडी अजून लागली नव्हती. मागच्या बाकावर दीर-भावजय बसले होते.

"वहिनी, दादाच्या दुकानातलं ते सीआरओ मशीन मी खोललं. टीव्ही सुधरवताना सिग्नलची रेघ पाहे ना दादा, ते."

"काहून?"

"बंद होतं. बटन दाबलं तं दिवाबी लागला नाही. मंग ट्रान्सफॉर्मर चार्जरले लावला, पंखा दुसरीकडं लावला. कामी तं आलं."

"अन् रेघ दिसे ते ट्यूब?"

"काढता काढता फुटली."

"फ्यूज नाही पाह्यला?"

"एवढ्या जुन्या मशीनचा फ्यूज कोन पाह्यते?"

"हा घ्या, पाहा."

"तुमच्यापाशी कसा?"

"गावाले जायचं असलं का तुमचे दादा फ्यूज काढून खिशात ठेवत. माघारी कोनी मशीनले हात लावू नये म्हनून. नागपूरले अॅडमिट होतानी माझ्या हातात देल्ला."

"मंग मले सांगाचं ना!"

"तुमी इचारलं कुठं? भाऊ दवाखान्यात, अन् तुमी पेचकस घेऊन बसले."

"डॉक्टरच बोलले होते, काही खरं नाही म्हनून."

"मशीनचं बोलले होते का?"

"वहिनी, तसं नाही..."

"परवा सुट्टी होऊन राह्यली त्यायची. सकाळी फोनवर पह्यलं हेच इचारलं, फ्यूज हाय ना जपून?"

"तुमी काय सांगतलं?"

"हाय म्हनलं. खोटं कायले बोलू?"