सिरीजमध्ये नसलेला भाऊ

...हसलीस ना पण तू. नाही कशी? शनिवारी मी समोरच बसले होते. भालचंद्रराव म्हणाले, तो भाऊ म्हणजे आपल्या व्यवस्थेचा बळी आहे — आणि तू ओढणी तोंडाशी नेलीस आणि खोकलीस. खोकला असा नसतो गं, मला महिनाभर खोकला आहे, मला माहीत आहे तो कसा असतो. बस, उभी का राहिलीस? कॅब यायला वेळ आहे ना? मग बस. बाक गार आहे, थांब, ही शाल अंथरते — असू दे, असू दे, रेवतीची आहे, आमच्या सुनेची, तिच्या ऑफिसच्या खुर्चीवर असायची ती, हल्ली माझ्याच अंगावर असते. हं. आता खरं सांग, ती डोंगरातल्या खुनाची सिरीज तू पूर्ण पाहिलीस? सगळे भाग? अच्छा. मला वाटलंच.

तू नवीन आहेस म्हणून सांगते, आपल्या शनिवारच्या कट्ट्याची पद्धत अशी — एक सिरीज ठरते, आठवडाभर सगळ्यांनी आपापल्या घरी बघायची, शनिवारी क्लबहाउसमध्ये चहा-चकलीबरोबर त्यावर बोलायचं, मराठीत. नवीन माणूस पहिल्या शनिवारी नुसतं ऐकतो आणि दुसऱ्या शनिवारी मागच्या सिरीजवर सगळ्यांच्या आधी बोलतो. म्हणजे येत्या शनिवारी तू. हा नियम कुणी केला? मीच केला, आणि आता माझ्याच अंगावर शेकणार. कारण तू आपली साधी, सरळ, पूर्ण सिरीज पाहिलेली मुलगी — तू उभी राहणार आणि विचारणार, भानुकाकू, त्या इन्स्पेक्टर बाईला भाऊ आहेच कुठे? तो पाव भाजणारा, आईच्या दाराशी पाव ठेवून जाणारा भाऊ — कुठल्या भागात येतो तो? मग मी काय सांगू? कुठल्याच भागात येत नाही. नाहीच आहे तो.

बघ, झालं काय की शुक्रवारी दुपारी मी सिरीज लावली. एकदम सगळी बघून टाकायची असं ठरवलं होतं, कारण आठवडा गेला होता असाच — नाही, असाच म्हणजे, हे बघ, मी दर वेळी बघतेच असं नाही. दोन भाग बघते, बाकीचं पद्मजाला लिफ्टमध्ये विचारते, तीही बहुतेक कुणाला तरी विचारते. ते सोड. तर शुक्रवारी लावली. पहिला भाग पाहिला, दुसरा पाहिला, खून झाला, इन्स्पेक्टर बाई बर्फातून चालली, चालली, चालली — आणि मी खोकल्याचं औषध घेतलं होतं. त्या औषधानं हत्ती झोपेल. मधे एकदा जाग आली तर समोर बर्फच, डोंगरच, म्हटलं चालू आहे आपलं. एक माणूस भट्टीतून पाव काढतोय. कित्येक वर्षांनी गावी आलाय, आई त्याला घरात घेत नाही, तर हा रोज पहाटे ताजा पाव कागदात गुंडाळून तिच्या दाराशी ठेवतो आणि कडी न वाजवता निघून जातो. इतकं सुंदर गं ते. मला वाटलं, हा इन्स्पेक्टर बाईचा भाऊ असणार, तिचंही नाक असंच आहे. आणि परत डोळा लागला.

हो — ते आपोआप पुढचं सुरू होतं ना, तेच. एक संपलं की तेच दुसरं काहीतरी लावतं, माणसाला विचारत नाही. दुसऱ्याच सिरीजमधला निघाला तो. मला रविवारी कळलं, शनिवार होऊन गेल्यावर. तो पावाचा सीन परत बघावा म्हणून बसले तर सगळे भाग पुढेमागे करून पाहिले, भाऊ नाही. आधी वाटलं सेन्सॉरनं कापला. मग खाली ते 'पुढे बघा' असतं ना, त्यात दिसला, भट्टीसमोर उभा. अर्ध्यात थांबलेला.

पण थांब, माझ्या चुकीचं एवढं काही नाही, म्हातारी बाई, झोप लागली. मला सांग, बाकीच्यांचं काय? मी शनिवारी दहा मिनिटं त्या भावावर बोलले. पद्मजाच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणाली, मी तर तो भाग दोनदा पाहिला. दोनदा! भालचंद्ररावांनी चष्मा काढून पुसला — चष्मा पुसला की ते न पाहिलेल्या गोष्टीवर बोलणार हे मला आता कळलंय — आणि म्हणाले त्याच्या अभिनयात संयम आहे. राघव म्हणाला त्याचा शेवट अजून दाखवायला हवा होता. शेवट! ज्याची सुरुवात नाही त्याचा! म्हणजे खोलीभर माणसं, आणि सिरीज एकानंही पाहिलेली नाही. आणि मी मुद्दाम खडा टाकून बघितला हं. सोमवारी खाली भाजीवाल्याकडे भालचंद्रराव भेटले, मी म्हटलं, त्या भावाचा तो काळा कुत्रा किती गोड होता, नाही? तर म्हणाले, "अहो भानुमतीबाई, त्या कुत्र्यावरच तर सगळी सिरीज उभी आहे." मी टोमॅटो घ्यायला वाकले, नाहीतर तिथंच हसले असते.

तेव्हा तू विचारशील, काकू, मग होऊ दे की सगळ्यांचीच फजिती. मला मजा येणार नाही असं नाही. पण तसं नको. ऐक. येत्या शनिवारी तू फक्त एवढंच म्हण — छायाचित्रण चांगलं आहे. बर्फ चांगला आहे. बर्फ आहे ना त्यात? मग झालं. खोटं काही नाही. भावाचं नावच काढू नको. पुढची सिरीज तू ठरव, मी सगळ्यांना सांगते लुंबिनीची निवड उत्तम आहे. चकल्यांचा डबा वेगळा देते तुला. अगं नाही, लाच कसली, तू बारीक झालीस म्हणून.

माझ्या नाकासाठी नाही म्हणत मी. म्हणजे, नाकासाठीही म्हणतेय. पण नुसतं तेवढंच नाही. तू कुठं वाढलीस, दिल्लीत, लक्ष्मीबाई नगरात ना? बघ, तुझ्या बाबांचं, संघपालसाहेबांचं सरकारी क्वार्टर मी पाहिलंय, तुझी आई चंदाताई मला दिल्ली हाटात भेटल्या होत्या, तेव्हा घरी घेऊन गेल्या होत्या. भिंती इतक्या पातळ की एकाचा टीव्ही चार घरं ऐकायची. कोण काय बघतं ते विचारावं लागत नसे, आणि मत द्यायला शनिवारची वाट बघावी लागत नसे. आम्हीही इथं आलो — ह्यांची नोकरी मानेसरला, मोटारीच्या कारखान्यात — तेव्हा ह्या टॉवरच्या जागी मोहरी होती. पिवळं सगळं. कंपनीच्या कॉलनीत एक रंगीत टीव्ही, सगळ्या बायका त्यापुढे, नायिकेला शिव्या घालायला सगळ्या एकत्र. आता हे नाहीत, आमच्या घरात माणसं तीन आणि पडदे पाच. मुलगा, साकेत, त्याच्या मोबाइलवर, रेवती तिच्या लॅपटॉपवर, मी हॉलमध्ये. सगळ्यांच्या कानांत बोंडं. कट्टा मी मराठीसाठी काढला असं सगळ्यांना सांगते. खरं सांगू? कुणीतरी बोलावं म्हणून काढला.

भांडण? छे, रेवतीशी माझं भांडण नाही. भांडण असतं तर बरं झालं असतं, भांडायला बोलावं तरी लागतं. पाच वर्षं झाली लग्नाला. आई, दूध आलं. आई, कुरिअर ठेवून घ्या. हो गं. घेते गं. मुलगी चांगली आहे, बिल्कुल चांगली, पण दोघीही लाजऱ्या, काय करणार. मला तिच्याशी बोलायचं असतं, फार असतं, पण सुरुवात कुठून करायची ते मला कळत नाही. आणि शनिवारी ती पहिल्यांदा कट्ट्यावर आली. आपणहून. साकेत हैदराबादला गेला होता म्हणून असेल. मागच्या खुर्चीवर बसली. आणि मी भावाबद्दल बोलून थांबले ना, तेव्हा — तुला आठवतं? — कुणी काही बोलेचना. पद्मजा नाही, भालचंद्रराव नाही. सगळे एकमेकांकडे बघायला लागले. म्हटलं काहीतरी चुकलंय. आणि मागून रेवती म्हणाली, "आई बरोबर सांगताहेत. तो कडी न वाजवता जातो ना, तिथं मला रडूच आलं." मग पद्मजा सावरली, मग चष्मा पुसला गेला, मग सगळ्यांनीच री ओढली. पण पहिली रेवती. आणि घरी जाताना लिफ्टमध्ये मला म्हणाली, आई, तुम्ही छान बोलता. पाच वर्षांत दूध आणि कुरिअर सोडून पहिलं वाक्य. तेव्हा तू शनिवारी उठून भाऊ नाहीच असं म्हणालीस, तर माझी फजिती होईल ती होईल, पण तीही खोटी पडेल सगळ्यांसमोर. परत नाही यायची ती कट्ट्यावर. म्हणून म्हणते, बर्फावर बोल.

काय? टीव्ही? टीव्ही कुणी बंद केला म्हणजे? मी उठले तेव्हा बंदच होता. ते विचारतं ना मधे, अजून बघताय का म्हणून, आणि आपण उत्तर नाही दिलं की — नाही? बंद होत नाही? नुसतं विचारत बसतं? पडदा चालूच राहतो? नक्की?

नाही, मी नाही केला. माझ्या हातात रिमोटच नव्हता. उठले तेव्हा तो स्टँडवर होता, आणि मी कधी स्टँडवर ठेवत नाही, त्यावरून तर साकेत ओरडतो. घरात कोण? कुणी नाही. म्हणजे रेवती होती, शुक्रवारी घरूनच असतं तिचं काम, पण ती आतल्या खोलीत मीटिंगमध्ये — आणि ही शाल. ही शाल तिच्या खुर्चीवर होती. मी सोफ्यावर आडवी झाले तेव्हा माझ्या अंगावर काही नव्हतं, मला चांगलं आठवतंय, पाय गार पडले होते, उठून काही घ्यायचाही कंटाळा आला होता. आणि जाग आली तेव्हा शाल पायांपर्यंत होती. मला वाटलं मीच झोपेत...

म्हणजे तिनं पाहिलं. तिनं बंद केलं तेव्हा पडद्यावर तो पाववाला होता — अर्ध्यातच तर थांबलाय तो. तिला माहीत होतं. कुठली सिरीज संपली नि कुठली सुरू झाली, सगळं माहीत होतं. आणि शनिवारी सगळे गप्प झाले तेव्हा ती म्हणाली, आई बरोबर सांगताहेत.

अगं, आणि ती खोटी पडू नये म्हणून मी तुला चकल्या द्यायला निघाले.

थांब, हसू नको. मलाही हसू येतंय, पण थांब — ती बघ, लिफ्टमधून कोण आली. थर्मास आहे हातात. इकडेच येतेय. तू काही बोलू नको हं, एक अक्षर नको. — ये गं रेवती. नाही, नाही, औषध घेतलं मी. ही लुंबिनी, शनिवारी भेटलीस ना. काही नाही, आपलं असंच. त्या सिरीजबद्दल बोलत होतो. त्या भावाबद्दल. मी हिला सांगत होते, फार छान काम केलंय त्यानं.

काय म्हणालीस? दुसऱ्या सीझनमध्ये परत येतो?

अच्छा. तुला कुणी सांगितलं? — हो का. आणि मग, आई दार उघडते की नाही त्याची? — सांगणार नाही म्हणतेय. बघ, लुंबिनी, कशी ओठ दाबून उभी आहे बघ. मला म्हणते, आई, तुम्ही जाग्या राहून बघा.

लुंबिनी, तुझी कॅब आली वाटतं. नाही आली? येईल, गेटवर जाऊन उभी राहा. शाल राहू दे, ती इथंच लागेल. जा तू. आमचं जरा बोलायचं राहिलंय.