नलिनीची उन्हातली खुर्ची

३१ मे २००८, शनिवार. सकाळी स्टोअरच्या किल्ल्या माझ्या हाताखालच्या अमोलकडे दिल्या. पिरंगुटच्या कारखान्यातली माझी नोकरी संपली. दुपारी कॅन्टीनमध्ये निरोप समारंभ झाला. तिथे मी बोललो ते असे:

समारंभाचे अध्यक्ष व आपले व्यवस्थापक माननीय शैलेश बेंद्रेसाहेब, कामगार संघटनेचे बहिरूभाऊ मारणे, व्यासपीठावरील मान्यवर आणि समोर बसलेल्या माझ्या सहकारी बंधू-भगिनींनो,

आपल्याकडे निवृत्त होणाऱ्याचा सत्कार जोडीने करतात. त्याला शाल, पत्नीला साडी. त्या सवयीने आज इथेही दोन खुर्च्या मांडल्या गेल्या. अमोल एक उचलायला लागला आणि मला पाहून त्याने ती परत ठेवली. राहू दे, अमोल. नलिनी फेब्रुवारीत गेली हे मलाही अजून रोज आठवावं लागतं.

मी आभार मानून खाली बसणार होतो. पण मघाशी चहा घेताना बहिरूभाऊ मायेनं म्हणाले, "वहिनींना जरा उन्हात बसवायला पायजे हुतं. घरात बसून हाडं ठिसूळ हुत्यात." मी नुसती मान हलवली. भाऊ, राग मानू नका, पण ते तसं राहायला नको.

तिला उन्हात बसवलं होतं.

कंबर आणि पाय दुखायला लागले तेव्हा हाडांच्या डॉक्टरांनी तेच सांगितलं. व्हिटॅमिन डी कमी आहे, ऊन घ्या, दूध प्या. भुकूमच्या आमच्या घरापुढे सकाळचं ऊन येई. तिथे मी तिची खुर्ची मांडायचो. मग पूर्वेला इमारत उभी राहिली आणि अंगण सावलीत गेलं. खुर्ची गच्चीवर नेली. जिना चढताना नलिनी मध्येच थांबून म्हणायची, "माहेरी परभणीत उन्हापासून पळायचे, इथे उन्हाच्या मागे पळते." शेजारच्या चंद्राबाई म्हशीचं दूध घेऊन यायच्या. "बाई, तोंड वाकडं करू नका. प्या गपगुमान. हाडं घट्ट व्हत्यात." ती प्यायची. आणखी काय करायला हवं होतं?

एकदा शिंक आली आणि तिची बरगडी मोडली. शिंकेनं बरगडी मोडते, हे तुम्ही कधी ऐकलंय? तेव्हा कुठे रक्ताच्या सगळ्या तपासण्या झाल्या. दोन्ही किडन्या बऱ्याच निकामी झाल्या होत्या. वाढलेल्या रक्तदाबाने हे वर्षानुवर्षं चाललं होतं. तो तिला कधी जाणवलाच नव्हता.

किडनीच्या डॉक्टरांनी मला समजावलं. उन्हातून मिळालेलं व्हिटॅमिन डी हाडांच्या उपयोगी पडावं, म्हणून शेवटचं काम किडनी करते. मी स्टोअरचा माणूस, मला आपल्या भाषेत कळलं. माल रोज गेटवर उतरत होता आणि आतली मशीन बंद होती. दूधही कमी करायला सांगितलं, त्यातलं फॉस्फरस किडनीला बाहेर टाकता येत नव्हतं म्हणून. चंद्राबाईंना ते पटेना. "दूध बंद? आसलं कसलं दुखनं हाय हे?" तरी त्या रोज यायच्या, रिकाम्या हातांनी.

पुढे गोळ्या झाल्या, डायलिसिस झालं. गच्चीवर जायचं तिने सोडलं नाही. मी म्हणालो, आता उन्हाचा तेवढा उपयोग नाही. ती म्हणाली, "माहीत आहे मला. तुम्ही खुर्ची मांडा." मांडत राहिलो. नंतर जिनाच चढवेना.

मित्रांनो, अंग दुखलं तर रक्तदाब आणि किडनीही तपासून घ्या, असं सांगायला हवं. सांगतो. पण कोण करतं? आम्हीही केलं नव्हतं.

ती उन्हाविना गेली, असं मात्र कुणी म्हणू नका. एवढंच सांगायचं होतं.

साहेबांनी आणि तुम्ही सर्वांनी इतकी वर्षं सांभाळून घेतलंत, त्याबद्दल ऋणी आहे. गोडाच्या जेवणाआधी हे बोलायला नको होतं. शब्द कमी-जास्त गेला असेल तर मनात ठेवू नका. पानं वाढायला सांगा. नमस्कार.

संध्याकाळी अमोलने घरापर्यंत सोडलं. शाल कपाटात ठेवली. मग गच्चीवर गेलो. खुर्चीवर धूळ होती. ती पुसली आणि खुर्ची खाली आणली.